होळीपर्यंत राखलेली जागा

हिरडाटोली, रविवार, १८ जानेवारी

ती. मामाजी,
हर्षाचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही. मनिष भाऊजी सांगतात, माझं नाव दिसलं की तुम्ही फोन उशीखाली सरकवता. पण कागद तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही. भजी बांधून आलेला कागदसुद्धा तेल पुसून वाचता, हे मी या घरात सून म्हणून आल्यापासून पाहतेय. म्हणून पत्र लिहितेय. उशीखाली जाईल तेव्हा जाईल, आधी तुम्ही वाचाल एवढी खात्री आहे.

आपलं भांडण मी उकरत नाही. फक्त माझ्या बाजूने एकदा मांडते, म्हणजे आपण दोघं एकाच भांडणाबद्दल रागावलोय हे तरी नक्की होईल. मी सरपंच झाले, योजनेतून पंचायतीच्या मागे बाजाराचे ओटे बांधून घेतले, वर पत्र्याचं शेड टाकलं, आणि डिसेंबरात ईश्वरचिठ्ठी काढून ते वाटले. तुमच्या नावाची चिठ्ठी निघाली, ओटा नंबर नऊ. तुम्ही ती वाचलीत, घडी घातलीत, माझ्या हातात परत दिलीत आणि चारचौघांत म्हणालात, "सरकारनं बाजारात पाय ठेवू नये. ठेवाचाच असन तं गिऱ्हाईक म्हनून यावं, थैली घेऊन." दुसऱ्या दिवशी तुमची पेटी बसच्या टपावर होती.

आणि गेलात कुठे? धाकट्या लेकाकडे, जवाहरनगरला! सरकारी फॅक्टरी, सरकारी क्वार्टर, सरकारी नळाचं पाणी. सरकारचा ओटा नको म्हणून माणूस सरकारच्या अंगणात जाऊन बसला, असं गावात सगळे म्हणतात. मीही हसले. मग तुमची रिकामी खाट पाहिली आणि रडू आलं, तेही सांगून टाकते.

आता मुद्द्याचं. काल ओट्यांचा तिसरा शनिवार होता. ओट्यांवर कोण आलं? रुखमिणी. एकटी. ती शिंगाड्याची टोपली घेऊन एवढ्या मोठ्या शेडमध्ये संध्याकाळपर्यंत बसून होती. बाकी सगळा बाजार रस्त्याच्या पलीकडे, कडुनिंबाखाली, बसथांब्यापासून नाल्यापर्यंत, जसा होता तसा. मधे फक्त एक रस्ता आहे, मामाजी. कोणी ओलांडत नाही.

ग्रामसेवक योगेंद्र म्हणतात, जुन्या जागेला तारेचं कुंपण घाला, झक मारत येतील. वरच्या साहेबांना भरलेल्या ओट्यांचा फोटो हवा आहे. बाजारातल्या बाया म्हणतात, कुंपण घातलंत तर आम्ही शनिवारी शेजारच्या गावाला जाऊन बसू, तिथला सरपंच बोलावूनच राहिला. त्या गेल्या तर आपल्या गावाचा बाजार मोडला. मग मी ओट्यांवर काय वाळत घालू, कपडे?

मला खरंच जाणून घ्यायचंय, का येत नाहीत? मागच्या चैत्रात गारा पडल्या तेव्हा कुंताबाई पदर तराजूच्या काट्यावर धरून बसली होती, सुकी मासोळी चिखलात आणि गारा तिच्या डोक्यावर. ते पाहून मी ओटे मागितले. यात माझं वाईट काय होतं? "मी म्हटलं होतं" एवढं सोडून काहीही कळवा.

तुमची सून,
हर्षा

ता.क. तुमची कडुनिंबाखालची जागा तशीच आहे. कुंताबाई दर शनिवारी झाडते. तुमचा काळा दगड तिथेच.


हिरडाटोली, रविवार, १ फेब्रुवारी

ती. मामाजींना नमस्कार.

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एवढंच? "बाजाराले विचार. मले कायले विचारते?" खाली सहीसुद्धा नाही. पण उत्तर आलं, म्हणून त्या दिवशी घरात शेवया केल्या. कमलेश म्हणाले, बाबाच्या एका ओळीला शेवया, तर पूर्ण पत्राला काय श्रीखंड?

मग मी विचारलं बाजाराला. दोन शनिवार हातात काही न घेता फिरले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न केला, तुम्ही इथेच का बसता? आधी सगळे घाबरले. सरपंच विचारते म्हणजे उठवणार. मग मी खाली बसले, तेव्हा बोलायला लागले.

कांदे-बटाटेवाला बसथांब्याला लागून बसतो. का? तर जड वस्तू माणूस जाताना घेतो, आल्या आल्या घेऊन बाजारभर वाहत नाही. कुंताबाई नाल्याच्या टोकाला. म्हणते, "मासोळीचा वास वाऱ्यासंगं नाल्याकडे जाते, नाही तं जिलेबीवाला मले शिव्या देईन." लसूण आणि मिरची शेजारी, कारण एकीकडे बाई थांबली की दुसरीकडे हात जातोच. मडकेवाला उतारावर बसतो. तिथे दुसरं कोणी बसतच नाही आणि त्याची मडकी कोणी तुडवत नाही. बांगडीवाली कापडवाल्याच्या पाठीला पाठ लावून बसते, कारण नवरा कापडाचा भाव करत असतो तेव्हा बायकोचे हात मोकळे असतात! हे ऐकून मी इतकी हसले की माझ्याच हातात सहा बांगड्या आल्या.

आणि मी काय केलं होतं? चिठ्ठ्या टाकून कुंताबाईची सुकी मासोळी जिलेबी आणि बांगड्यांच्या मधे बसवली होती. न्याय म्हणून.

ओट्याची उंचीही चुकली. सरकारी नकाशात ओटा कमरेएवढा आहे. विकणारी वर, घेणारी खाली. तारा नावाची भाजीवाली म्हणाली, "सरपंचबाई, गिऱ्हाईक मांडी घालून बसलं का घेतेच. उभं राह्यलं का निघून जाते." बसून भाव होतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीही आजवर उभ्याउभ्याच भाजी घेत आले, म्हणून कदाचित महाग घेत आले.

मला नवल याचं वाटलं, मामाजी, की प्रत्येकाला आपलं कारण पाठ आहे आणि शेजाऱ्याचं माहीत नाही. पूर्ण बाजार कोणाच्याच डोक्यात नाही. तरी दर शनिवारी तो भरतो. मी योगेंद्रना म्हटलं, याचा नकाशा काढून तसेच नंबर देऊ. ते म्हणाले, "मॅडम, मोहफुलं आली का अर्धा बाजार जागा बदलवते. कितीदा नकाशा काढसान?" म्हणजे तुमचं म्हणणं खरं म्हणायचं. सरकारनं चोर धरावेत, वजनमापं खरी आहेत का ते पाहावं, बाकी बाजार आपलं पाहून घेतो.

पण थांबा, इतक्यात मिशीवर हात फिरवू नका.

तुमच्या आईची, गोदावरीबाईंची गोष्ट तुम्ही नेहमी सांगता. लाखोळीच्या डाळीवर विक्रीची बंदी होती, पाय लुळे पडतात म्हणून. तरी त्या विकायच्या. तपासणीचा माणूस दिसला की टोपलीवर चण्याची डाळ पसरायच्या आणि आजूबाजूच्या बाया मोठ्याने चणे मागायला लागायच्या. तुम्ही त्या टोपलीमागे वाढलात, म्हणून तुम्हाला सरकारचा माणूस म्हणजे डाळ उपसून पाहणारा हात वाटतो. ते मला समजतं. पण सरकार हमीभावाने एकाच जातीचं धान घेतं, म्हणून घरचा वासाचा तांदूळ गेला असं तुम्ही म्हणता, तेव्हा पुढचं नाही सांगत. त्याच धानाचा बोनस खात्यात पडला की बाजारात पाय ठेवायला जागा नसते. ते पैसे कुठून येतात? आणि दुसरं, शेडजवळ मी बायांसाठी संडास बांधलाय. तो पहिल्या दिवसापासून सगळ्या वापरतात. रस्ता ओलांडून येतात! हा तुमच्या कोणत्या तत्त्वात बसतो, तेवढं पुढच्या कार्डावर लिहा. जागा भरपूर असते.

कुंपण मी घातलेलं नाही. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मला खरं करायचं नाही. पण साहेबांचा फोन रोज येतो.

हर्षा


हिरडाटोली, सोमवार, ९ फेब्रुवारी

ती. मामाजी,

कार्ड आलं नाही. संडासाला तुमच्याकडे उत्तर नसावं, म्हणून मी खूश होते. आता खूश नाही.

सगळ्यांना विचारलं होतं, एकीला विचारायचं राहिलं होतं. रुखमिणीला. कारण ती तर ओट्यावर येते, तिला काय विचारायचं, असं वाटलं. या शनिवारी तिच्याजवळ ओट्यावर चढून बसले. शिंगाडे सोलून देत होती, मी खात होते. विचारलं, तूच एकटी का येतेस इकडे?

म्हणाली, "बाई, मले तिकडे जागा कुठी होती?"

मी म्हटलं, होती की, नाल्याच्या पलीकडे बसायचीस. ती म्हणाली, "नाल्याच्या पलीकडे बाजार असते का?"

मग तिने सांगितलं. बालाघाटकडून नवऱ्यासोबत आली, तो इथल्या मँगनीजच्या खाणीत होता. तो वारल्यावर हिने तळ्यातले शिंगाडे आणि सुके झिंगे विकायला घेतले. बाजारात आली तर कुंताबाई म्हणाली, सुक्या मासोळीची एक दुकान आहे, दुसरी कायले? मग जुन्या लोकांनी बसून ठरवलं की परगावची आहे, नाल्यापलीकडे बसू दे. बारा वर्षं ती तिथेच बसली. पाऊस आला की पहिलं पाणी तिच्या टोपलीत.

ठरवणाऱ्यांत कोण होतं, हेही तिने सांगितलं. तुमचं नाव घेताना तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, एवढा ती तुमचा मान ठेवते. मला राग आला, मामाजी. तुमचा, आणि तिच्या त्या पदराचासुद्धा.

म्हणजे तुमच्या बाजारातही परवाना लागतो. फक्त तो कागदावर नसतो, त्यामुळे त्यासाठी अर्जही करता येत नाही. सरकारच्या डोळ्यातलं कुसळ तुम्हाला जवाहरनगरहून दिसतं. मी निदान चिठ्ठी टाकली. चिठ्ठीला कुंताबाई आणि रुखमिणी सारख्याच. तुम्हाला ती मूर्ख वाटली असेल, पण रुखमिणीला तिच्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा बाजारात छप्पर मिळालं. गिऱ्हाईक नाही मिळालं, ते वेगळं.

मला खरंच कळत नाहीये, आणि मी तुम्हाला हरवायला विचारत नाही. बाजार आपोआप लागतो हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण आपोआप लागताना तो एखादीला बाहेर ठेवतो, तर तिने कोणाकडे जायचं? माझ्याकडेच ना? मग मी बाजारात पाय ठेवायचा की नाही?

हर्षा


हिरडाटोली, रविवार, १५ फेब्रुवारी

ती. मामाजींना नमस्कार.

आज महाशिवरात्र. उपासाचा शिंगाडा काल सगळ्यांनाच हवा होता, म्हणून रुखमिणीने दोन टोपल्या आणल्या होत्या. तिला वाटलं, या शनिवारी तरी लोक रस्ता ओलांडतील.

ओलांडला, मामाजी. सगळ्या बाजाराने ओलांडला!

दुपारी आभाळ एकदम काळं झालं आणि अवकाळी पाऊस कोसळला. टोपल्या, पोती, काटे उचलून सगळे ओरडत शेडखाली पळाले. मी पंचायतीच्या दारातून पाहत होते. पुढचं मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. आधी नुसती गर्दी होती. मग कुणी म्हणालं, सरक जरा. कुणी म्हणालं, तुझी मासोळी तिकडे घे. लसूण मिरचीपाशी गेला, कांदेवाला रस्त्याच्या बाजूला आला, बांगडीवालीने कापडवाल्याची पाठ शोधून काढली. मडकेवाला एकटा भिजत उतारावर उभा राहिला, मडकी सोडून येईना. ओट्यावर कोणी चढलंच नाही. त्यांनी ओट्यावर माल मांडला आणि स्वतः पुढे जमिनीवर बसले! महिनाभर मी ज्या ओट्यांकडे पाहून कपाळावर हात मारत होते, ते सगळे मालाच्या फळ्या झाले. पाऊस पडतोय तोवर तिथे पूर्ण बाजार लागला होता. एकही नंबर बरोबर नव्हता आणि एकही माणूस चुकीच्या जागी नव्हता.

योगेंद्र मोबाईल घेऊन आनंदाने नाचायचेच बाकी होते. भरलेल्या ओट्यांचे वीस तरी फोटो काढले. साहेबांना तिथूनच पाठवले. मी म्हटलं, खाली लिहा, पाऊस पडत असताना. त्यांनी लिहिलं. साहेबांचं उत्तर आलं, "छान. असेच चालू ठेवा." आता पाऊस चालू ठेवणं माझ्या हातात आहे की नाही, ते त्यांनाच ठाऊक. पण कुंपणाचा विषय मिटला. शेजारच्या गावी जायचं कोणी बोलत नाही. तुमचा बाजार मोडला नाही. हे एवढं वाचून पत्र खाली ठेवू नका, पुढे आहे.

त्या गर्दीत मी रुखमिणीला शोधलं. तिच्या ओट्यावर, नंबर चौदावर, कुंताबाईची मासोळी होती. आणि रुखमिणी शेडच्या कडेला, पत्र्याचं पाणी जिथे पडतं त्याच्याही बाहेर, दोन्ही टोपल्यांवर पोतं टाकून उभी होती. जुनी जागा जशीच्या तशी लागली ना, मग नालाही तसाच लागला.

माझं डोकं फिरलं. मी तरातरा गेले. कुंताबाईला म्हणणारच होते, हा ओटा हिच्या नावाचा आहे, ऊठ. रुखमिणीने माझा दंड धरला. म्हणाली, "बाई, नोका बोलू. तुमी म्हनसान तं ते आज उठन. पुढच्या शनिवारी तुमी नसान, मी रायीन." मी म्हटलं, मग तुला जागा द्यायची कशी? तर म्हणते, "मले तुमच्याकडून नाही पायजे. त्यायच्याकडून पायजे. त्यायनं देल्ली तं कोनी उठवनार नाही."

पाऊस थांबला. सगळे टोपल्या उचलून परत रस्ता ओलांडून गेले, आपापल्या जागी. रुखमिणी कोरड्या ओट्यावर येऊन बसली, एकटी. मी तिचे उरलेले सगळे शिंगाडे घेतले. घरी कमलेश म्हणाले, हा सरकारी हस्तक्षेप झाला. तुमचाच मुलगा.

हर्षा


हिरडाटोली, रविवार, २२ फेब्रुवारी

ती. मामाजी,

आज मागायला लिहितेय. वाद घालायचा नाही.

काल कुंताबाईशेजारी, तुमच्या जागेच्या काठावर बसले. जागेवर नाही बसले, दगड होता. तिला विचारलं, हे दगडाचं काय असतं? मी या गावची सून, मला अर्धंच माहीत होतं. तिने सांगितलं की प्रत्येकाचा एक दगड असतो. माणूस आजारी असो, लेकीकडे गेलेला असो, दगड आहे तोवर शेजारी ती जागा राखतो. पण होळीपर्यंत. होळीला बाजाराचं वर्ष फिरतं. होळीच्या आधीच्या शनिवारी माणूस आला नाही तर दगड बाजूला होतो आणि शेजारच्याच्या घरचं कोणी बसतं. तुमच्या जागेवर तिच्या पुतण्याने डोळा ठेवलाय. कुंताबाईलाही तो नकोय, बरं का. म्हणाली, "गोलू दिवसभर मोबाईल पायते. टेकचंदभाऊ होते तं दोन गोष्टी तरी होत."

मग तिने आणखी एक सांगितलं. ज्याची जागा, तो जिवंतपणी ती कोणालाही देऊ शकतो. स्वतः येऊन आपल्या हाताने दगड उचलायचा, नव्या माणसाला बसवायचं आणि त्याची पहिली बोहणी आपण करायची. आपणच पहिलं गिऱ्हाईक व्हायचं. त्यानंतर त्याला कोणी उठवत नाही. शेजारीही नाही. असं तिने पाहिलंय, पण दोनदाच.

पुढचा शनिवार, २८ तारीख, होळीच्या आधीचा शेवटचा बाजार.

मी ओट्यांवरचे नंबर परवा चुन्याने पुसून टाकले. चिठ्ठ्या रद्द. ऊन-पावसात ज्याला हवं त्याने शेडखाली यावं, नको त्याने येऊ नये. संडास राहील, त्याबद्दल ऐकून घेणार नाही. पण नंबर पुसले म्हणजे रुखमिणीकडे होतं तेवढंही मी काढून घेतलं. आता तिच्याकडे नालाच आहे. मी सरपंच असून तिला जागा देऊ शकत नाही. तुम्ही काही नसून देऊ शकता. मला हे विचित्र वाटतं, मामाजी, आणि थोडं आवडतंही.

मला माहीत आहे मी काय मागतेय. चाळीस वर्षं तुम्ही तिथे दोर, दावी, मुसक्या विकल्या. बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी तुम्ही नायलॉनचे दोर मांडून बसायचात, कारण जागा होती. ती दिलीत तर शनिवारी तुम्ही कुठे जायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. नाही दिलीत तरी घरी या. तुमची खाट रिकामी आहे. मला तुमच्याशी भांडायची सवय झाली आहे, कमलेशशी भांडून मजा येत नाही.

हर्षा


जवाहरनगर, बुधवार, २५ फेब्रुवारी

चि. हर्षाले टेकचंदचा आशीर्वाद.

तुह्ये सारे कागद वाचले. उशीखाली एकबी ठेवला नाही. मनिष चहाडखोर हाये, तेच्या सांगन्यावर जाऊ नको.

तू लिवलं का सरकारच्या घरात राहून सरकारले शिव्या देतो. बराबर लिवलं. येथी नळाले पानी येते, लाईन जात नाही. धाकटी सून रुपा मले दोन टाईम गरम जेवाले देते. पन येथी झाडालेबी नंबर मारला हाये. मी रोज त्या झाडाखाली बसतो अना इचार करतो, नंबर पुसला तं ते सावली देनं बंद करन का?

बसून बसून कंटाळा आला म्हून मांगच्या हप्त्यात दोराचं बंडल घेऊन शहापूरले गेलो. तेथी रस्त्याच्या बाजूले लोक माल मांडून बसतात. कोनी बसवले नाही, आपलेच बसले. मले लय आनंद झाला. म्हनलो, पाय हर्षा, हा हाये खरा बाजार. बसाले गेलो तं एक म्हने, बाबाजी, ही जागा धरली हाये. पुढे गेलो, तेथीबी धरली. तिसऱ्यानं तं मह्यं बंडल उचलून बाजूले ठेवलं. म्हने, कोन्या गावचे? या वयात मले कोनी असं इचारलं नव्हतं. उन्हात उभा राह्यलो. मंग एका पपईवालीनं आपली टोपली सरकवली. म्हने, बाबा, येथी टेका. ते मही कोन? तिचा मह्या दोरासंगं काय संबंध? तिनं कोनाले इचारलंबी नाही.

दोर एकबी इकला नाही. येता येता पपई घेतली. घरी येऊन तुहा तिसरा कागद पुन्ना वाचला.

मत मह्यं बदललं नाही. सरकारनं जागा वाटू नये. तू नंबर पुसले, चांगलं केलं. पन जागा कोनी तरी सरकवाले पायजे, ते आपोआप सरकत नाही. हे मले कोनी सांगितलं असतं तं मी भांडलो असतो.

संडासाचं उत्तर सापडलं नाही. सापडलं का सांगीन.

शनिवारी पहिल्या बसनं येतो. कुंताले सांगजो, दगड हालवू नको, मी हालवीन. अना तिले हेबी सांगजो का शेजारी एकाच्या ठिकानी दोन मासोळीच्या दुकाना झाल्या तं गिऱ्हाईक वाढते, कमी होत नाही. नाही पटलं तं मले शिव्या दे म्हना, मी तेथीच बसून राहीन. मले दुसरी जागा नोको, मी त्या रुखमिनी पोरीच्या बाजूले पोतं टाकून बसीन, दोन गोष्टी सांगीन. रुखमिनीले सांगजो, शिंगाडे ताजे आनजो. बोहनी मी करीन. अना मह्यासमोर पदर ओढू नको म्हना.

खाट बाहेर काढून उन्हात ठेव, ढेकूण झाले असन.

तूबी येजो बाजारात. सरपंच म्हनून येऊ नको. थैली घेऊन ये.

टेकचंद